लष्करी तळ बांधण्याआधी समुद्राचा तळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चीनने दक्षिण चीन समुद्रात बेटं उभारली, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात आपले प्लॅटफॉर्म इतकी वर्षं उभे आहेत, मग मुंबईपासून दीडदोनशे किलोमीटर समुद्रात भारताने तरंगता किंवा भरावाचा लष्करी तळ का करू नये? मी उरण-न्हावा पट्ट्यात पंचवीसेक वर्षं भरावाची आणि जेट्टीची कामं केली. त्यावरून सांगतो, की त्या जागी धावपट्टीचा तळ करण्यात अर्थ नाही.

तरंगत्या तळाची खरी अडचण सांध्यात असते. एका जेट्टीवर क्रेनसाठी आम्ही दोन पाँटून, म्हणजे लोखंडी तराफे, पिना घालून जोडले होते. खाडीचं पाणी, वारा पडलेला. बाजूने रेतीची बार्ज गेली आणि तिच्या लाटेवर आधी एक पाँटून उचलला, मग दुसरा. मधल्या फटीवरची लोखंडी प्लेट माझ्या पायाखाली वाजायला लागली. आठवड्याने पिन काढली, तर मनगटाएवढं लोखंड एका बाजूने घासून चमकत होतं. ती लाट फूटभराची होती. पावसाळ्यात बाहेर चार-चार मीटरच्या लाटा दिवसचे दिवस चालतात.

अमेरिकेने १९९० च्या दशकात मोठमोठे तरंगते भाग जोडून सुमारे दीड किलोमीटरचा तळ करण्याचा अभ्यास केला, तो कागदावरच राहिला. जपानने योकोसुकाजवळ १,००० मीटरची तरंगती धावपट्टी केली आणि २००० साली तिच्यावर विमानं उतरवूनही पाहिली, पण ती टोकियोच्या आखातात, आडोशाच्या पाण्यात. खऱ्या कामाला आले ते १९८७ साली इराणच्या आखातात अमेरिकेने ठेवलेले हर्क्युलिस आणि विम्ब्राउन-७ हे दोन बार्ज. त्यांच्यावर हेलिकॉप्टर आणि गस्ती बोटी असायच्या. लहान होते, ओढून जागा बदलता यायची, आणि गरज संपल्यावर हलवले. एवढ्या मापाचा तरंगता तळ आपणही करू शकतो, आणि करावा असंच मला वाटतं.

मुंबई हायचे प्लॅटफॉर्म जाळीदार पायांवर उभे आहेत, लाट त्यांच्यातून आरपार जाते. वर हेलिपॅड मावतं, धावपट्टी नाही. अशा पायांवरही लष्कराने तळ केले आहेत. अमेरिकन हवाई दलाचा ‘टेक्सास टॉवर ४’ हा रडारचा मनोरा वादळाने आधीच खिळखिळा झाला होता. १५ जानेवारी १९६१ ला तो कोसळला आणि त्याच्यावरची सगळी २८ माणसं गेली.

आता भराव. मुंबई हायला पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. तीन किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद बेट पाण्याच्या पाच मीटर वर आणायचं तर सरळ गुणाकारानेच १२ कोटी घनमीटर माल लागतो. दहा घनमीटरचा डंपर धरला तर १ कोटी २० लाख खेपा! बाजूचे उतार धरले तर आकडा कितीतरी वाढतो. चीनला हे करावं लागलं नाही. फायरी क्रॉस, सुबी, मिसचीफ हे खडक पाण्याच्या जेमतेम खाली होते. ड्रेजरने शेजारचंच प्रवाळ कापून वर ओतलं. २०१३ च्या अखेरीपासून दोनेक वर्षांत सुमारे ३,२०० एकर जमीन झाली, आणि त्यात प्रवाळाचा जो नाश झाला तो भरून येणारा नाही.

भराव टाकला म्हणजे काम संपलं असंही नाही. आपल्या खाजणात बँड ड्रेन, म्हणजे चिखलातलं पाणी वर काढणाऱ्या उभ्या पट्ट्या, घालताना त्या खाली रोवणारी मँड्रेल ही पोकळ नळी चिखलात दह्यात सुरी जावी तशी जाते. वर मुरमाचा भार चढवला की चिखलातलं पाणी ड्रेनमधून वर येतं, आणि रोज सकाळी लेव्हल घेताना खचणं मोजायला ठेवलेली प्लेट थोडी खाली गेलेली दिसते. एका कामावर वर्षभरात मीटरहून जास्त खचलेलं मी मोजलंय. जपानचा कान्साई विमानतळ १९९४ साली सुरू झाला, तो अजून खचतोय. सप्टेंबर २०१८ च्या वादळात त्याची धावपट्टी पाण्याखाली गेली होती.

कायद्यानेही फार काही हाती लागत नाही. १९८२ च्या सागरी करारानुसार कृत्रिम बेटाला स्वतःचा सागरी पट्टा मिळत नाही, भोवती जास्तीत जास्त ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र मिळतं.

आणि रसद. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला, तो किनाऱ्यापासून काही फार आत नाही. तरी तिथल्या आरमाराला ऐवज आणि गल्ला वेळेवर पोचला नाही म्हणून जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना किती कडक पत्र लिहिलं, ते जरूर वाचा. किनारा नजरेसमोर असून ही गत, तर दीडशे किलोमीटरवर ऐन जुलैमध्ये डिझेल, दारूगोळा आणि प्यायचं पाणी रोज कसं पोचवणार?

आपल्याकडे लक्षद्वीपची देवाने दिलेली बेटं आहेत. मिनिकॉयला मार्च २०२४ मध्ये नौदलाचा आयएनएस जटायू हा तळ सुरू झाला. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची आहे. पैसा घालायचा तर तिथल्या जेट्टीत, इंधनाच्या टाक्यांत आणि पाण्याच्या सोयीत घाला. समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प कवरत्तीत २००५ पासून आहे, क्षमता दिवसाला एक लाख लिटर.