रिमूव्ह-प्रायव्हेट लावलं तरी ६५०१० बाहेर दिसतोच

प्रश्न : रामराम भाऊ. अमळनेरला माझं छोटं इंटरनेटचं नेटवर्क आहे, स्वतःचा पब्लिक एएस नंबर (इंटरनेटवर नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) आहे. धरणगावकडच्या एका केबलवाल्याला ६५०१० हा प्रायव्हेट एएस (आतल्या वापरापुरता नंबर) देऊन बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) चालवतो, त्याच्याखाली आता एक कॉलेज जोडलंय, त्यांचा एएस पब्लिक आहे. अपस्ट्रीमवाले (ज्यांच्याकडून मी इंटरनेट घेतो ते) म्हणतात तुमच्या पाथमध्ये (रूट ज्या-ज्या एएसमधून आला त्यांच्या यादीत) प्रायव्हेट एएस येऊन राहिला. जुन्या सिस्को राउटरवर प्रायव्हेट नंबर काढायची रिमूव्ह-प्रायव्हेट-एएस कमांड लावलीय, तरी जात नाही. काय करू?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : रामराम भाऊ. आधी एक बघा, केबलवाल्याचे स्वतःचे रूट (त्याच्या आयपी पत्त्यांकडे जायचे रस्ते) साफ जात असतील, अडकतायत ते फक्त कॉलेजचे. कारण जुन्या आयओएसमध्ये (सिस्को राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) पाथमध्ये प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्ही नंबर एकत्र दिसले की ही कमांड काहीच काढत नाही, पाथ जसाच्या तसा पुढे पाठवते. नवीन आयओएस असेल तर त्याच कमांडपुढे ऑल लावा, आणि त्यापुढे रिप्लेस-एएस लावलं तर काढलेल्या नंबराच्या जागी तुमचा एएस बसतो नि पाथची लांबी तेवढीच राहते, नाहीतर पाथ उगाच छोटा दिसून ट्रॅफिक तिकडून ओढला जातो.

आणि हे नुसतं अपस्ट्रीमवाल्यांच्या समाधानासाठी करू नका भाऊ. बरीच नेटवर्कं असे रूट दारातच टाकून देतात, शिवाय ६५०१० आणखी कुणी स्वतःच्या नेटवर्कमध्ये वापरत असेल तर त्याचं राउटर पाथमध्ये स्वतःचाच नंबर बघून लूप समजतं आणि रूट घेतच नाही, मग कॉलेजची साइट काहींना उघडते काहींना नाही, आणि रिझल्टच्या दिवशी पोरं कॉलेजवाल्यांना शिव्या देतात, चूक मात्र कुठेच सापडत नाही.

माझं स्पष्ट मत, ज्याच्याखाली पब्लिक एएसवाला ग्राहक आलाय त्याला प्रायव्हेट नंबरवर ठेवूच नका, केबलवाल्याला आयआरआयएनएनकडून (भारतात एएस नंबर देणाऱ्या संस्थेकडून) स्वतःचा एएस घ्यायला लावा. उद्या त्याने दुसरीकडून लाइन घेतली तरी तो लागणारच आहे.

तोवर येणाऱ्या बाजूलाही फिल्टर पाहिजे. केबलवाल्याकडून फक्त ६५०१० आणि कॉलेजचा एएस, तेही प्रीफिक्स-लिस्ट (कुठले आयपी पट्टे घ्यायचे त्याची यादी) लावून. अपस्ट्रीमकडून येणाऱ्या पाथमध्ये ६४५१२ ते ६५५३४ किंवा ४२००००००००‌ ते ४२९४९६७२९४ या प्रायव्हेट पट्ट्यांतलं काही असलं तर सरळ अडवा, हा दुसरा पट्टा बरेच जण विसरतात. रेगेक्समध्ये (पाथमधले नंबर ओळखायच्या नमुन्यात) नंबराच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर टाकाच, नाहीतर लॅटिन अमेरिकेतल्या २६४५१२ सारख्या खऱ्या नंबरालाही तो धरतो. आणि ६४ ने सुरू होणारं सगळंच बंद करू नका, ६४५१२ च्या खाली खरोखर वाटप झालेले नंबर आहेत.

बदल केल्यावर सॉफ्ट आउट क्लिअर करा (कनेक्शन न तोडता रूट पुन्हा पाठवा), नि तपासणी स्वतःच्या राउटरच्या ॲडव्हर्टाइज्ड-रूट्सवर करू नका, तिथे काढण्याआधीचा पाथ दिसू शकतो. बाहेरच्या एखाद्या लुकिंग ग्लासवर (दुसऱ्या नेटवर्कला दिसणारे रूट दाखवणाऱ्या साइटवर) कॉलेजचा प्रीफिक्स टाकून बघा.