देहदानानंतर देहाचे नेमके काय होते?

आपल्या आजोबांनी इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात देहदानाचा अर्ज भरला आहे आणि त्या देहावर फक्त विद्यार्थी शिकतात की संशोधनही होते, असे आपण विचारले आहे. दोन्ही होते. देह शरीररचनाशास्त्र विभागात पोहोचल्यावर बहुधा मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मॅलिनयुक्त द्रावण आत सोडतात, त्यामुळे तो अनेक महिने टिकतो आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्यावर विच्छेदन शिकतात. संशोधनाचा भाग यातच मिसळलेला असतो: एखाद्या मूत्रपिंडाला एकाऐवजी दोन धमन्या आढळल्या, तर अशा भेदांची नोंद प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यचिकित्सकाच्या थेट उपयोगी पडते. फॉर्मॅलिनने स्नायू मात्र ताठरतात, म्हणून नव्या शस्त्रक्रियांच्या सरावासाठी ऊती मऊ राखणाऱ्या पद्धती वापरतात. ऑस्ट्रियातील वाल्टर थील यांनी 1992 मध्ये मांडलेली पद्धत त्यांपैकीच.

अर्जापेक्षा वारसांची संमती अधिक निर्णायक ठरते, हे घरात आताच बोलून घ्यावे. शवविच्छेदन झालेला किंवा एचआयव्ही, कावीळ-बी यांसारखा संसर्ग असलेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान मात्र सहा तासांच्या आत करून मग देहदान करता येते. आमच्या काकांच्या वेळी काकूंनी त्यांच्या गळ्यात घातलेली तुळशीची माळ तेथील कर्मचाऱ्याने हलकेच उतरवून, कागदात गुंडाळून काकूंच्या हाती परत दिली होती.