30 रेडिएशन: धाक मशीनचा नको, वजनकाट्याचा धरा

ताई, तुमच्या वडिलांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता 30 रेडिएशन सांगितलीत, आणि तुम्ही विचारलंय की तयारी काय करायची, दुखतं का, आणि घरातल्या दोन वर्षांच्या मुलाला आजोबांपासून लांब ठेवायचं का.

मुलाचं आधी सांगतो, कारण माझ्या घरी यावरून उगाच रडारड झाली होती. लांब ठेवायची काही गरज नाही. मशीनमधून बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात साठत नाही. मशीन बंद झालं की संपलं. ताट, पांघरूण, पापा, सगळं चालतं. (थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचं औषध पाजतात, ते प्रकरण वेगळं. तिथे खरंच काही दिवस लांब राहावं लागतं. लोक दोन्हीची सरमिसळ करतात.)

मी एसटीत कंडक्टर होतो. तीस वर्षं तंबाखू-चुना डाव्या गालात, आणि गाठही डाव्याच गालात. ऑपरेशननंतर मलाही 30च होती, रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), एकूण 60. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. आमच्याकडे म्हातारी माणसं याला ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट’ म्हणतं. शेक म्हटल्यावर मला वाटलं होतं, चटका बसणार. तसलं काहीच नाही.

सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवतात. टाळू नका. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मग किडलेला दात काढला तर जखम भरत नाही आणि हाडच खराब होऊ शकतं. माझे पाच दात एका बैठकीत काढले आणि जखम भरेपर्यंत थांबवलं. पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारायचं, हे आयुष्यभराचं.

मग मास्क. जाळीचं पांढरं प्लास्टिक गरम पाण्यात बुडवून मऊ करतात आणि टेबलावर उताणं झोपवून चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत दाबून बसवतात. गरम ओल्या पंचासारखं लागतं. काही मिनिटांत गार होऊन कडक होतं. नाकाने श्वास नीट घेता येतो, पण डोकं तसूभर हलत नाही. तसंच स्कॅन काढतात, मास्कवर खुणा करतात. वडिलांना मिशी असेल तर ठेवायची की काढायची ते त्याआधीच ठरवा, नंतर मास्क नीट बसत नाही. घाबरत असतील तर तिथल्या टेक्निशियनला आधीच सांगा, ते डोळ्यांच्या जागी जाळी कापून देतात का विचारा. यानंतर आठ-दहा दिवस फोन आला नाही म्हणून मी वैतागलो होतो. किरण कुठे किती द्यायचे, जीभ आणि मणका कसा वाचवायचा, याचं प्लॅनिंग त्या दिवसांत चालतं.

रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. मास्क खटखट टेबलाला अडकवतात, खुणांवर लेझरच्या रेघा जुळवतात आणि बाहेर जातात. जाडजूड दार बंद होतं. मशीन गुणगुणत भोवती फिरतं, अंगाला लागत नाही. आत एकटं असलो तरी कॅमेऱ्यातून बघत असतात, हात वर केला की थांबवतात. मी डोळे मिटून कराड ते चिपळूणचे थांबे म्हणायचो. कुंभार्ली घाट उतरायच्या आत काम संपलेलं असायचं. बाहेर आल्यावर गालावर जाळीचे ठसे, नात त्यावर बोट फिरवून हसायची.

पहिले दोन आठवडे मी सगळ्यांना सांगत सुटलो, काही नसतं हो यात. तिसऱ्यात तोंड आलं. चव गेली, चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. लाळ आधी चिकट झाली, मग आटली. मान तव्याच्या बुडासारखी काळी पडली. डाव्या बाजूची दाढी गळाली, डोक्यावरचे केस राहिले, कारण किरण जातात तिथलेच केस जातात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मिठाचा कण जिभेला लागला तरी डोळ्यांतून पाणी.

माझी चूक इथे झाली. डॉक्टर म्हणाले अन्न पोटात जावं म्हणून नाकातून नळी घालू, मी म्हटलं मी काय मरायला टेकलोय का. दोन आठवडे तसेच काढले, सहा किलो वजन गेलं. गाल आत गेल्यावर मास्क ढिला झाला, म्हणजे नवा मास्क आणि नवं प्लॅनिंग करायची वेळ आली. तेव्हा कुठे नळी घालून घेतली, आणि पहिल्या रात्री पोटभर जेवून झोपल्यासारखा झोपलो. नळी कायमची नसते. माझी सव्वा महिन्याने निघाली.

म्हणून घरात वजनकाटा आणा आणि दर दोन दिवसांनी आकडा वहीत लिहा. नाचणीची आंबील, तूप घातलेला गुरगुट्या भात, शिकरण, मुगाचं कढण, चालत असेल तर दुधात फेटून शिजवलेलं अंडं. सगळं कोमट, तिखट-आंबट नाही. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध मिळतं, मागून घ्या. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने दिवसातून पाच-सहा वेळा चुळा. मानेला हळद, तेल, कुणी सांगितलेला पाला, काही लावू नका. डॉक्टर देतील तेवढंच. ब्लेड बंद, कॉलरचा शर्ट बंद.

मधे मशीन बिघडून माझे दोन दिवस गेले. एक शनिवारी बोलावून भरून काढला, दुसरा शेवटी वाढवला. तुम्ही मात्र लग्नकार्यासाठी खाडा करू नका. आणि शेवटच्या दिवशी पेढे वाटलेत तरी त्यानंतर दहा-पंधरा दिवस त्रास वाढतोच, मग उतरतो. चव यायला मला चार महिने लागले. पाण्याची बाटली अजून बरोबर असते.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत रेडिएशन बसतं, मंजुरी आधी घ्या. रेल्वेने जात असाल तर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला 75 टक्के. हॉस्पिटलातून फॉर्म भरून घ्या.

शेवटचं, तोंड उघडण्याचा व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमधे धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. सुरुवातीला माझ्या अकरा जात होत्या, आता पंधरा जातात. वडिलांच्या आज किती जातात ते सुरू व्हायच्या आधी मोजून त्याच वहीत लिहून ठेवा.