जिममधल्या केबल मशीनचं (दोरीने वजन ओढायचं यंत्र) हँडल बनवताय? आधी व्यास ठरवा

सुरुवात व्यासापासून करा. बहुतेकांच्या मुठीला 30 ते 35 मिमी ठीक बसतं. त्याहून फार जाड झालं की अंगठा बोटांवर येत नाही, मूठ टिकवायला कोपराखालचे स्नायू जादा ताणले जातात आणि कोपर दुखू लागतं. फार बारीक असेल तर वजन बोटांच्या सांध्यांत रुततं.

इथे नवखे हमखास फसतात: दुकानात ‘एक इंची’ पाइप मागितला की बाहेरचा व्यास साधारण 33.7 मिमी मिळतो, 25 नव्हे. त्यावर 5 मिमी जाडीचा फोम चढवला की दोन्ही बाजू मिळून झाले जवळपास 44. फोम हवाच असेल तर पाऊण इंची पाइप घ्या (बाहेरून साधारण 27). खरं तर घामट हातांना फोमपेक्षा बारीक नर्लिंग (धातूवर कोरलेली खरबरीत जाळी) बरं. फोम दबतो, फिरतो, वास मारतो.

पकडीची लांबी 125 ते 130 मिमी ठेवा.

मनगटाचा ताण मात्र फिरत्या पकडीनेच कमी होतो. आत 16 मिमीचा दांडा, दोन्ही टोकांना बुश (दांडा आणि पाइप यांच्यामधली कडी, जिच्यावर पाइप फिरतो), बाहेर पाइप. बुश नायलॉनचे नकोत. ओलावा शोषून फुगतात आणि पकड जाम होते. डेलरिनचे (एक कडक, गुळगुळीत प्लास्टिक) घ्या, दांड्यावर 0.2 मिमी ढिलाई द्या. टोकांच्या फटीत कातडी चिमटते, म्हणून तिथे वॉशर घाला आणि पाइपची धार कानसीने गोल करा. वेल्डिंग बुश बसवण्याआधीच उरका, नाहीतर उष्णतेने ते वितळतील.