प्रेस्कॉटच्या चढावर मार्शल, आणि एरंडेलाचा वास

प्रश्न : इंग्लंडात चेल्टनहॅमजवळ प्रेस्कॉटच्या चढावर ऑगस्टमध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबची (जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचा क्लब) स्पर्धा असते, एकेक गाडी चढ चढते. मार्शल (वाटेवर सुरक्षेसाठी उभा राहणारा स्वयंसेवक) म्हणून काम करायची इच्छा आहे, पण गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. चालेल का? आणि नेमकं काम काय असतं?
— एक वाचक, चेल्टनहॅम

उत्तर : चालेल. मार्शलला पाना धरता आला नाही तरी बिघडत नाही, पण लक्ष हलता कामा नये. चढ 1,127 यार्डांचा, म्हणजे किलोमीटरहून थोडा जास्त. जागा बुगाटी ओनर्स क्लबची. 1934 साली स्थापन झालेला व्हिंटेज क्लब तिथे पाहुणा म्हणून येतो. वळणांवर मार्शलांच्या चौक्या असतात आणि प्रत्येक चौकीला आपल्या टप्प्यावर नजर ठेवायची असते.

आधी मोटरस्पोर्ट यूकेकडे (ब्रिटनमधल्या मोटरशर्यतींची नियामक संस्था) मार्शल म्हणून नाव नोंदवा आणि त्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करा. नवख्याला जुन्या माणसाच्या जोडीला देतात. कपडे सुती किंवा लोकरी, लांब बाह्यांचे. नायलॉन नको, आगीजवळ ते अंगाला चिकटतं. लाल किंवा पिवळा सदराही नको, चालकाला दुरून तो झेंडा वाटतो. चामड्याचे बूट, हातमोजे, रेनकोट आणि डबा बरोबर घ्या. चौकीवर फोन खिशातच राहू द्या. येणाऱ्या गाडीकडे पाठ करायची नाही, हा नियम इतर सगळ्यांच्या आधी.

गाडी आडवी झाली तर झेंडेवाला लाल झेंडा दाखवतो आणि चौकीप्रमुख रेडिओवर कळवतो. खालून दुसरी गाडी येत नाही याची खात्री झाली की मगच इतरांनी धावायचं. एकट्याने कधीच जायचं नाही, दोघांनी जायचं, वारा पाठीवर घेऊन. आधी चालक, गाडी नंतर. व्हिंटेज काळातल्या काही गाड्यांत पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पुढे, चालकाच्या पायांवर असते, म्हणून घाई आणि सावधपणा दोन्ही हवेत. बॉनेटखालून धूर येत असेल तर ते सताड उघडू नका. आत हवा घुसली की भडका होतो. फटीतून नळी घालून अग्निशामक मारा.

खरी मेहनत मात्र आगीची नाही, तेलाची. त्या काळच्या अनेक इंजिनांत क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला रबरी सील नसतं. तेल आत परतवायला शाफ्टवर नुसते आटे कोरलेले असतात, त्यामुळे उभ्या गाडीखाली थेंब पडणारच. थेंब ठीक, धार नाही. डांबरावर धार दिसली की कोरडी सिमेंट पावडर टाका, कडक झाडूने घासा, सगळी पावडर उचला आणि पुन्हा टाका. पहिल्या थरावर थांबलात तर तेल लावलेला पोळपाट तयार होतो. शर्यतीच्या काही गाड्यांत अजूनही एरंडेलापासून केलेलं वंगण घालतात (कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टरवरून, म्हणजे एरंडावरून आलंय). तो गोडसर वास ओळखीचा होईल. मालकांसाठी एक इशारा : एरंडेलाचं वंगण साध्या खनिज तेलात मिसळू नये, दोन्ही एकजीव होत नाहीत आणि पुढे नळ्यांत चिकट गाळ साचतो.

प्रश्न : माझ्या 1929च्या गाडीला तारांची चाकं आहेत. मधला कानवाला नट चालता चालता सैल होतो, म्हणून शर्यतीआधीच्या तपासणीत गाडी अडवली. नट नवे आहेत.
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : नट नवे आहेत, पण हब (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) बाजू बदलून बसलेत का ते पाहा. रंगकामासाठी सगळं सुटं केलं की हा घोटाळा हमखास होतो. बहुतेक गाड्यांत चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने नट फिरवला की सुटतो. म्हणजे डावीकडे सरळ आटे, उजवीकडे उलटे. हब अदलाबदल झाले की तोच नट चालताना स्वतःच सैल होत जातो. बाजू बरोबर असेल तर हबचे दाते पाहा. दात्याचा माथा सुरीच्या धारेसारखा निमुळता झाला असेल, तर चाक हबवर डुलतंय. नट कितीही आवळून उपयोग नाही, हब आणि चाकाचा मध्य दोन्ही बदलावे लागतील. दात्यांना ग्रीसचा पातळ हात द्या आणि नट तांब्याच्या हातोड्याने ठोकून आवळा. दहा-पंधरा किलोमीटरनंतर पुन्हा ठोका.

तारांची परीक्षा कानाने होते. लहान पान्याने एकेक तार टिचकवा. ताठ तार टणकन वाजते, सैल तार ठक्क करते. दोन-तीन शेजारी तारा ठक्क वाजल्या तर त्या चाकाने शर्यत करू नका. तपासनीस याशिवाय कार्ब्युरेटरला (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) थ्रॉटल, म्हणजे त्याची झडप, बंद करणारी बाहेरची स्प्रिंग, इग्निशनच्या स्विचवरच्या चालू-बंदच्या खुणा आणि बॅटरीच्या अर्थिंग तारेवर पिवळी खूण पाहतात. पिवळी चिकटपट्टी चार आण्याची, पण तिच्यापायी माणसं रांगेतून परत जातात.

प्रश्न : व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबमध्ये 1931 सालची गाडी चालते का?
— एक वाचक, लंडन

उत्तर : क्लबच्या लेखी 'व्हिंटेज' म्हणजे 31 डिसेंबर 1930पर्यंत. त्यानंतरच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे, पण सरसकट प्रवेश नाही. प्रत्येक गाडीचा चासी (खालचा सांगाडा), इंजिन, बदललेले भाग यांची नोंद 'बफ फॉर्म'वर होते आणि ती जाणकार सभासद पारखतात. जे बदललंय ते लपवू नका, फॉर्मवर स्वतःच लिहा.

प्रश्न : पुण्यात आमच्या गटाकडे 1960च्या दशकातल्या दोन-तीन स्पोर्ट्स गाड्या आहेत. 'व्हीए' नंबर (व्हिंटेज गाड्यांची खास नोंदणी) घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : केंद्राच्या 2021च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी पात्र ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000 रुपये. आधीपासून भारतात नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. मात्र व्हिंटेज म्हणून नोंदली की रोजच्या वापराला ती काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती इतपतच. रविवारी सकाळी लोणावळ्याला नुसती वडापावसाठी न्यायची असेल, तर आहे ती नोंदणीच बरी. अर्ज करायचाच तर गटातल्या एकानेच सगळ्यांची कागदपत्रं हाताळावीत : फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज), विमा, जुनं आरसी, आयात केली असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्क कागद). चासी नंबर गाडीवरूनच उतरवून घ्या, आरसीवरून नाही. जुन्या आरसीत एखादा आकडा चुकलेला निघतोच.