बऱ्याच वर्षांनी रोड बाइक घेताना

आधी फ्रेमचं माप, बाकी सगळं नंतर. पूर्वी ५६ सेंमीची बसत होती म्हणून आताही डोळे झाकून ५६ घेऊ नका. प्रत्येक कंपनीचं ५६ वेगळं असतं. कंपनीच्या मापांच्या तक्त्यात स्टॅक आणि रीच बघा. स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो सांधा) मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडल जिच्यात बसतं ती पुढची नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. इतक्या वर्षांत कंबर आखडलेली असते, तेव्हा स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली एन्ड्युरन्स प्रकारची (लांबच्या, आरामशीर फेऱ्यांसाठीची) बरी. रेसिंगवाली दिसायला देखणी, पण तासाभरात मान धरते.

सीटची उंची लावून निदान २० मिनिटं चालवून बघा. पेडल सर्वात खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. तळहाताला मुंग्या येत असतील तर बहुधा हँडल लांब किंवा फार खाली आहे. स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) १० मिमीने आखूड बसवून भागलं तर ठीक. ३० मिमीने आखूड लागला तर फ्रेमच चुकली.

गिअरच्या चक्रांचे दाते पुढे ५०/३४, मागे ११-३४. चढावर पुढच्या ३४ ला मागचं ३४ लागलं की पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, गुडघे वाचतात. टायर २८ मिमी, फ्रेममध्ये ३२ ची जागा हवीच. पूर्वीसारखी दगडासारखी हवा भरू नका. खडबडीत रस्त्यावर चाक उडतं, पकड जाते.

कार्बन फ्रेमचा मोह आवरा. ते पैसे हेल्मेट आणि चांगल्या पॅडच्या शॉर्ट्सला ठेवा.