दाखल होतानाच ओळखा

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका आहे. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या काळजीची, गरज असलेला रुग्ण वेळेत कसा ओळखावा?

उत्तर : आधी दिनक्रम विचारा. आंघोळ स्वतः करतात का? जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात किंवा खुर्चीतच जातो का? मग जुनी डिस्चार्ज कार्डं मागा. बहुतेकदा ती नातेवाइकांच्या पिशवीत, एक्स-रेच्या पाकिटातच सापडतात. पुन्हा पुन्हा अचानक भरती, उतरत चाललेलं वजन, उपचार चालू असूनही न हटणारी वेदना किंवा धाप, या खुणा असे रुग्ण ओळखण्यासाठी एडिनबरात तयार झालेल्या 'स्पिक्ट' (SPICT) साधनात आहेत. त्यात गुणांची बेरीज नसते.

चूक होते ती फक्त कॅन्सरकडे पाहिल्यामुळे. बसल्या जागी धाप लागणारा हृदयविकाराचा, घरी ऑक्सिजनवर असलेला सीओपीडीचा (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा) रुग्ण निसटतो. 'हा रुग्ण वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?' हे डॉक्टरांनी स्वतःला विचारावं. उत्तर 'नाही' आलं तर ते मृत्यूचं भाकीत नव्हे. गरजा तपासायला लागा. त्याच दिवशी वेदना ० ते १० मध्ये विचारून केसपेपरवर लिहा. चालू उपचार पॅलिएटिव्ह केअरमुळे थांबत नाहीत, हे नातलगांना पहिल्याच भेटीत सांगा.